केलॉइड : शस्त्रक्रियेनंतरचा पुनरुद्भव व प्रतिबंध

जखम भरून आल्यावरही वण वाढत राहिला आणि मूळ जखमेची हद्द ओलांडून आसपासच्या निरोगी त्वचेवर पसरला, तर त्याला केलॉइड म्हणतात. अतिवृद्ध वण जखमेपुरताच राहतो व बहुधा काही काळाने ओसरतो. केलॉइड आपणहून क्वचितच मावळतो. तो कापून काढणे तसे अवघड नाही. अडचण पुढे येते. नुसती शस्त्रक्रिया करून सोडून दिल्यास तो परतण्याचे प्रमाण वेगवेगळ्या अभ्यासांत ४५ ते १०० टक्के आढळले आहे, आणि परतलेला केलॉइड कित्येकदा पहिल्यापेक्षा मोठा असतो. पुढच्या उपचारांची तजवीज नसेल, तर शस्त्रक्रियेच्या वाटेला न गेलेलेच बरे.

केलॉइड काढताना झालेला छेद हीसुद्धा एक नवी जखमच असते. ज्या त्वचेतील तंतुजनक पेशी एकदा गरजेपेक्षा जास्त कोलॅजन (त्वचेला बळकटी देणारे तंतुमय प्रथिन) तयार करीत सुटल्या, तिला पुन्हा तेच निमित्त मिळते. त्यात ताणाची भर पडते. छाती, खांदा आणि पाठीचा वरचा भाग येथील त्वचा प्रत्येक हालचालीबरोबर ओढली जाते आणि केलॉइड तेथेच जास्त होतात. सैल त्वचेच्या पापणीवर ते जवळजवळ आढळत नाहीत. छातीवरचा केलॉइड बहुधा आडवा पसरतो, कारण हात हलताना छातीचे स्नायू त्वचेला त्याच दिशेने खेचतात. त्यामुळे प्रतिबंधाची सुरुवात शस्त्रक्रियेच्या टेबलावरच होते. खोलवरचे थर आधी असे शिवतात की त्वचेच्या कडा आपोआप जवळ याव्यात आणि वरच्या टाक्यांवर ओढ पडू नये. लांब सरळ छेद असेल तर तो नागमोडी करून ताण विभागतात. टाके काढल्यावर काही महिने चिकटपट्टी लावून ठेवण्यामागेही हेच कारण असते.

सर्वाधिक वापरले जाणारे औषध म्हणजे ट्रायमसिनोलोन हे स्टेरॉइड. मिलिलीटरला १० ते ४० मिलिग्रॅम या प्रमाणात ते वणातच टोचतात आणि साधारण ३ ते ६ आठवड्यांनी पुन्हा देतात. येथे हात सरावलेला लागतो : सुई वणाखालच्या चरबीत उतरली, तर चरबी झिजून खड्डा पडतो. त्वचा पातळ होणे, रंग फिका पडणे, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागणे हे इतर दुष्परिणाम. काही ठिकाणी त्यात ५-फ्लुरोयुरॅसिल हे पेशींची वाढ रोखणारे औषध मिसळतात.

हट्टी केलॉइडसाठी शस्त्रक्रियेनंतरचे रेडिएशन हा सर्वांत प्रभावी उपायांपैकी एक आहे. ते सहसा पहिल्या २४ ते ७२ तासांत सुरू करतात. ताण जास्त असलेल्या छातीसारख्या भागाला ३-४ बैठकांत मिळून १८ ते २० ग्रे (ग्रे हे शोषलेल्या किरणांच्या मात्रेचे एकक) मात्रा देण्याची पद्धत आहे. कानाच्या पाळीला त्याहून कमी पुरते. पुढे कर्करोग होण्याची भीती रुग्ण हमखास बोलून दाखवतात. नेमक्या जागेपुरत्या दिलेल्या मात्रेत हा धोका अल्प मानला जातो, तरी लहान मुले व गर्भवती यांच्यात रेडिएशन टाळतात. थायरॉइड व स्तन यांच्याजवळ विशेष काळजी घेतात.

कानाच्या पाळीला दाबाचा उपाय चांगला लागू पडतो, कारण तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरता येते. त्यासाठी दाबाची कर्णभूषणे मिळतात. ती रोज बरेच तास, ६ ते १२ महिने वापरावी लागतात. फार घट्ट बसली तर पाळीलाच जखम होते. सिलिकॉनची पट्टी किंवा जेल जखम पूर्ण भरल्यावर, दिवसाचे १२ तास किंवा अधिक, निदान २-३ महिने लावतात. तिच्या उपयुक्ततेचा पुरावा तितका भक्कम नाही, पण अपायही फारसा नाही. ती इतर उपायांच्या जोडीला असावी, त्यांच्या जागी नव्हे.

सपाट, फिकट वण पाहून दोन-तीन महिन्यांत तपासणी बंद करण्याकडे कल असतो. प्रत्यक्षात देखरेख निदान २ वर्षे लागते. वणाच्या एखाद्या टोकाला खाज सुटणे, लाली येणे किंवा बोटाला कडकपणा जाणवणे ही परतीची पहिली चिन्हे होत. त्याच वेळी इंजेक्शन दिल्यास वाढ अनेकदा रोखता येते. नवा केलॉइड टाळण्यासाठी छातीवरच्या व जबड्यावरच्या मुरुमांवर वेळीच उपचार करावेत आणि केलॉइड काढलेल्या जागी कान पुन्हा टोचून घेऊ नये.