१४२८५७ (संख्या)

१४२८५७ ही दशमान पद्धतीतील सर्वांत परिचित चक्रीय संख्या, म्हणजे जिच्या पटींत तेच अंक त्याच क्रमाने फिरून येतात अशी संख्या. १ ला ७ ने भागले की ०.१४२८५७१४२८५७… असे आवर्ती दशांश रूप मिळते. त्यात पुन्हापुन्हा येणारा अंकसमूह तो हाच. मूळ अवयवांत ती ३³ × ११ × १३ × ३७ अशी लिहिता येते.

या संख्येची दुप्पट २८५७१४, तिप्पट ४२८५७१, चौपट ५७१४२८, पाचपट ७१४२८५ आणि सहापट ८५७१४२. अंक तेच, त्यांचा क्रमही तोच. फक्त सुरुवात वेगळ्या अंकापासून. सातपट मात्र ९९९९९९.

हा चमत्कार संख्येचा म्हणून सांगितला जातो, पण खरे श्रेय ७ ने केलेल्या भागाकाराचे आहे. १ ला ७ ने भागताना दर पायरीला बाकी उरते ती क्रमाने ३, २, ६, ४, ५, १. शून्य सोडून शक्य असलेल्या सगळ्या बाक्या एकेकदा येऊन जातात आणि १ आली की चक्र पुन्हा सुरू होते. २ ला ७ ने भागणे म्हणजे याच चक्रात बाकी २ पासून शिरणे. संख्येत ०, ३, ६, ९ हे अंक का नाहीत, हेही यातूनच उलगडते: १०, २०, ३०, ४०, ५०, ६० यांना ७ ने भागले की भागाकार अनुक्रमे १, २, ४, ५, ७, ८ येतात, दुसरा येऊच शकत नाही. गूढवादी गुरू गुर्जिएफ यांच्या एनिआग्राम या नऊ बिंदूंच्या आकृतीत या अंकांना गूढ अर्थ दिला आहे. गणिताला त्याची गरज पडत नाही.

गुणक ७ पेक्षा मोठा असला तरी चक्र सुटत नाही. आठपट ११४२८५६ येते. उजवीकडचे सहा अंक वेगळे काढून त्यांत उरलेला १ मिळवला की पुन्हा १४२८५७. गुणकाला ७ ने भागून जी बाकी उरते, तितकी पट मिळते. बाकी शून्य असेल तर ९९९९९९. (बेरीज सहा अंकांत मावली नाही, तर हीच कृती पुन्हा करायची.) आता १४२८५७ ला ७ ने भागल्यास बाकी १ उरते. म्हणून तिचा वर्ग २०४०८१२२४४९ असाच तोडला की २०४०८ + १२२४४९ = १४२८५७. अशा संख्यांना देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर यांच्या नावावरून कापरेकर संख्या म्हणतात. त्यांनीच नाव दिलेल्या हर्षद संख्यांतही (ज्यांना स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जातो) ती बसते: अंकांची बेरीज २७, आणि २७ × ५२९१ = १४२८५७.

१४२ + ८५७ = ९९९ हा मिडी यांच्या प्रमेयाचा (१८३६) नमुना. तिसऱ्या पायरीला बाकी ६ येते, आणि १/७ व ६/७ यांची बेरीज १ होते, त्यामुळे दोन अर्धे एकमेकांना नवांपर्यंत पूर्ण करतात.

हे भाग्य प्रत्येक मूळ संख्येच्या वाट्याला येत नाही. १३ च्या बाक्या दोन गटांत फुटतात, म्हणून तिथे ०७६९२३ आणि १५३८४६ अशी दोन वेगळी चक्रे मिळतात. १०० च्या आत ७, १७, १९, २३, २९, ४७, ५९, ६१ व ९७ यांनाच पूर्ण चक्र लाभते. त्यांतही १० पेक्षा मोठ्या छेदाचा पहिला दशांश अंक शून्यच असतो (१/१७ चे चक्र ०५८८२३५२९४११७६४७), त्यामुळे शून्याने सुरू न होणारी अनेकअंकी चक्रीय संख्या दशमान पद्धतीत ही एकच. पूर्ण चक्राच्या मूळ संख्या अनंत आहेत, असे गणितज्ञ आर्टिन यांचे १९२७ चे अनुमान सुचवते. त्यानुसार सर्व मूळ संख्यांत त्यांचे प्रमाण सुमारे ३७.४ टक्के भरते. हूली यांनी १९६७ मध्ये ते सिद्ध केले, पण व्यापक रीमान गृहीतक (मूळ संख्यांच्या विभागणीशी निगडित, अजून सिद्ध न झालेले विधान) खरे मानून. त्या गृहीतकाविना सिद्धता अजून मिळालेली नाही.