कारवी एकदाच फुलते

दर आठ वर्षांनी एक बातमी हमखास येते. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातले निळे-जांभळे उतार, समोर सेल्फी काढणारी मंडळी आणि खाली ओळ : कारवी आठ वर्षांनी पुन्हा बहरली. 2008 ला आली, 2016 ला आली, 2024 लाही आली. वाचणाऱ्याची समजूत अशी होते की तेच झुडूप आठ वर्षं दम खातं, फुलतं आणि पुढच्या आठ वर्षांच्या तयारीला लागतं.

तसं काही होत नाही. कारवी आयुष्यात एकदाच फुलते, बी धरते आणि मरते. 2024 ला जी फुलली ती 2016 ला फुललेल्या कारवीची लेकरं होती. मधल्या वर्षांत या झुडपांकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. पावसाळ्यात हिरवीगार, उन्हाळ्यात नुसत्या काठ्या. त्या काठ्या कोकणात आणि घाटमाथ्यावर कुडाच्या भिंतींना लागतात. वर शेणमातीचा गिलावा दिला की भिंत तयार.

ही वर्षं सात की आठ, यावरही वाद घातला जातो. हिशेब सोपा आहे. 2016 च्या सप्टेंबरात फुललेल्या कारवीची बोंडं झाडावरच वाळली आणि बी जमिनीवर पडलं ते 2017 च्या पावसाच्या तोंडावर. त्या रोपांनी 2024 पर्यंत आठ पावसाळे पाहिले, पण फुलताना त्यांचं वय जेमतेम सव्वासात वर्षं होतं. म्हणजे दोन्ही बाजू बरोबर. शिवाय सगळा सह्याद्री एकाच वर्षी फुलतो असंही नाही. एका डोंगरावरच्या कारवीचं वर्ष दुसऱ्या डोंगराशी जुळेलच असं नसतं, आणि एखादं झुडूप वेळ चुकवून भलत्याच वर्षी फुललेलं दिसतं.

इथवरचं कुणीही सांगेल. माझा जीव अडकलाय तो बोंडात.

कारवी अडुळशाच्या कुळातली. कोरांटी, अबोली, तालिमखाना हे सगळे तिचे भाऊबंद. समोरासमोर पानं, फुगीर पेरं, आणि पान भिंगाखाली धरलं तर सालीखाली बारीक पांढरट रेघा. या रेघा म्हणजे पेशींत साठलेला चुना, कॅल्शियम कार्बोनेट. पण या कुळाची खरी करामत फळात आहे. बोंडाच्या दोन फाका असतात, उभ्या शिवणीने जोडलेल्या. आत दोन-चार चपट्या बिया, आणि प्रत्येक बीच्या खाली देठापासून निघालेला एक टणक, वाकडा आकडा. शास्त्रीय भाषेत याला रेटिनॅक्युलम किंवा जॅक्युलेटर म्हणतात. दुसरं नाव भालाफेक्याचं आहे आणि ते जास्त शोभतं.

बोंड सुकतं तेव्हा त्याच्या भिंतीतले थर सारखे आकसत नाहीत. आतल्या आणि बाहेरच्या थरांतल्या तंतूंची ठेवण वेगळी, त्यामुळे एक थर जास्त आखडतो, दुसरा कमी. फाकांना बाहेरच्या बाजूला वळायचं असतं, पण शिवण सोडत नाही. दिवसागणिक ताण साठत जातो. बाहेरून बघणाऱ्याला फक्त एक वाळकं, तपकिरी बोंड दिसतं. या कुळातल्या काही जातींत शिवण सुकता सुकताच हार मानते आणि बोंड भर उन्हात फुटतं. काही जातींत मात्र तिला सोडवायला पाणी लागतं. टोकाकडची शिवण ओलसर होऊन सैल पडते, चीर खाली धावते, फाका झटक्यात उलट्या वळतात आणि आकडे बियांना भिरकावून देतात. कॅरमच्या सोंगटीला टिचकी बसावी तसं. कारवी या दुसऱ्या गटातली. वळवाच्या सरींनी हवेत ओल आली की उतारच्या उतार तडतडू लागतो.

हे घरी बघता येतं. अबोलीचं पक्कं वाळलेलं बोंड घ्या, त्यावर थेंबभर पाणी टाका, आणि चेहरा जरा लांब ठेवा.

वेग किती असतो? कॅलिफोर्नियातल्या पोमोना कॉलेजच्या संशोधकांनी याच कुळातल्या रुएलिया सिलिॲटिफ्लोरा या वनस्पतीचं बोंड अतिवेगवान कॅमेऱ्यासमोर फोडलं आणि 2018 मध्ये निष्कर्ष छापले. तबकडीसारखी ती इवलीशी बी सेकंदाला दहा मीटरहून जास्त वेगाने सुटते आणि सात मीटरपर्यंत जाते. कारण काय, तर ती सुटताना स्वतःभोवती उलटी गिरकी घेते, सेकंदाला 1,600 हून जास्त फेरे. गिरकीमुळे बी हवेत डगमगत नाही, तिची कड कायम पुढे राहते आणि हवेचा अडथळा घटतो. न गिरकणारी बी थोड्याच अंतरावर पडते. ही मोजमापं कारवीची नाहीत, पण यंत्रणा तीच.

आता वेळेची गंमत बघा. बोंड हिवाळ्यातच तयार होतं. पण कारवीने तेव्हाच बी टाकलं तर चार-पाच महिने ते वाळक्या जमिनीवर उंदीर-किड्यांच्या तोंडी. ओल लागल्यावरच फुटायचं ठरवलं, तर बी पडतं ते थेट रुजायच्या मुहूर्तावर. (मुहूर्त बघणारं झाड मला मान्य आहे, कारण ते पंचांग न उघडता हवेतली आर्द्रता तपासतं.) आणि सगळ्या उताराचं बी एकदम पडलं की खाणारे खाऊन खाऊन किती खाणार? अमेरिकी जीवशास्त्रज्ञ डॅनियल जँझेन यांनी 1976 मध्ये बांबूच्या सामूहिक फुलोऱ्यासाठी हीच मांडणी केली होती. कारवीलाही ती लागू पडते असं मला वाटतं.

आता नावाकडे. नीस फॉन एसेनबेक या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने 1832 मध्ये हिचं नाव ठेवलं स्ट्रोबिलँथस कॅलोसा. वॉलिक या डॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञाने हिंदुस्थानातून नेलेल्या झाडांवर आधारलेल्या ग्रंथात. स्ट्रोबिलँथस ही प्रजाती (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) अवाढव्य, साडेतीनशेच्या वर जातींची, आणि फुलं वरवर एकसारखी. मग 1944 मध्ये ब्रेमेकांप या डच अभ्यासकाने तिचे पन्नासहून जास्त तुकडे केले. आधार होता फुलोऱ्याची रचना, बिया आणि परागकण. या गटातले परागकण खरोखर चक्रावून टाकतात : कुणाचे गोल आणि काटेरी, कुणाचे लांबट आणि उभ्या धारांचे. या वाटणीत आपल्या कारवीच्या वाट्याला स्वतंत्र प्रजाती आली, कार्व्हिया, आणि तिच्यात जात एकच. केरळातली नीलकुरिंजी, जी बारा वर्षांनी फुलते, ती गेली फ्लेबोफायलममध्ये. कासच्या पठारावरची बुटकी, टोपलीच्या आकाराची टोपली कारवी गेली प्लिओकॉलसमध्ये, आणि तिला स्वतंत्र जात म्हणायचं की एखाद्या जातीचा प्रकार, यावरही पुस्तकांचं एकमत नाही.

डीएनएने हा डाव बराच मोडला. 2004 मध्ये मॉयलन आणि स्कॉटलंड या संशोधकांनी सहकाऱ्यांसह जनुकांच्या आधारे वंशवृक्ष काढला, तेव्हा ब्रेमेकांपच्या अनेक प्रजाती एका पूर्वजापासून निघालेल्या शाखा ठरेनात. परागकणांची एकसारखी रूपं वेगवेगळ्या शाखांत दिसत होती. म्हणून आज कारवी पुन्हा स्ट्रोबिलँथस कॅलोसा आहे, जरी महाराष्ट्रातल्या बऱ्याच पुस्तकांत आणि उद्यानांच्या पाट्यांवर कार्व्हिया कॅलोसा टिकून आहे. पाटी बघून गोंधळू नका, झुडूप एकच.

किती वर्षांनी फुलते, हा निकष या सगळ्या भांडणात कुणी मुख्य मानला नाही. याच प्रजातीत दरवर्षी फुलणाऱ्या जातीही आहेत. बातम्यांत मात्र तोच एक आकडा मिरवतो, आणि बहराच्या वर्षी तो मधाच्या बाटल्यांवरही चढतो : 'आठ वर्षांतून एकदाच, मधुमेहावर रामबाण'. कारवीचा मध दाट आणि चवीला झकास असतो, जरूर खा. पण त्यात साखर असते. मधुमेह असलेल्याने बाटलीवरच्या लेबलापेक्षा डॉक्टरांचं ऐकावं.

2024 ला बोरिवलीत फुललेल्या कारवीची रोपं 2025 च्या पावसातली. त्यांचा आठवा पावसाळा 2032 चा. फुलं बघायला तेव्हा सगळेच जातील. बोंडं ऐकायची असतील तर 2033 च्या जूनच्या तोंडावर, पहिल्या सरीच्या आसपास जा. तेव्हा गर्दी नसते.