पाळकीय सेवा

ख्रिस्ती मंडळीतील व्यक्तींची आध्यात्मिक देखभाल. सांत्वन, बोध, प्रार्थना, समेट आणि प्रसंगी ताकीद यांचा तीत अंतर्भाव होतो. दीक्षित पाळक वा धर्मगुरू ती पदाच्या नात्याने करतात. तथापि विश्वासणाऱ्यांनी एकमेकांना दररोज बोध करावा, अशी आज्ञा नव्या करारातील इब्री ३:१३ मध्ये सर्वांनाच आहे.

‘पाळक’ हा ग्रीक ‘पोइमेन’ (मेंढपाळ) या शब्दाचा प्रतिशब्द. मंडळीतील पदाधिकाऱ्यांसाठी हे नाम नव्या करारात फक्त इफिस ४:११ येथे येते. तेथे ‘पाळक’ व ‘शिक्षक’ या दोन नामांना मिळून एकच उपपद असल्याने पद एक की दोन, हा वाद आहे. सोळाव्या शतकातील धर्मसुधारक कॅल्व्हिनने दोन पदे मानली. अनेकवचनी नामांचे उपपद सामाईक असले, तरी तेवढ्यावरून ती एकरूप ठरत नाहीत. म्हणून कार्ये निकटची पण भिन्न, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

उत्तेजनासाठी नव्या करारात येणारा ‘पाराक्लेसिस’ हा ग्रीक शब्द बोध, धीर व सांत्वन या तिन्ही छटा दाखवितो. प्रेषितांची कृत्ये ४:३६ मध्ये आरंभीच्या मंडळीतील बर्णबा या शिष्याच्या नावाचा अर्थ ‘बोधपुत्र’ असा दिला आहे. अरामी भाषेत तो नीट बसत नाही. काही अभ्यासक ‘संदेष्ट्याचा पुत्र’ असा मूलार्थ सुचवितात, तर काही नेबो या बाबिलोनी देवतानामाशी संबंध जोडतात. या पुस्तकाचा लेखक लूक याने काटेकोर व्युत्पत्ती न देता त्या माणसाचा स्वभाव सांगितला असावा. शौलाला (पुढे पौल) यरुशलेमेतील शिष्य भीत असताना त्याची हमी बर्णबानेच घेतली (९:२७).

पोप पहिल्या ग्रेगरीने सु. ५९१ मध्ये पाळकांसाठी लिहिलेल्या ग्रंथात दुःखी व आनंदी, गरीब व श्रीमंत अशा परस्परविरुद्ध प्रकृतींना वेगवेगळा बोध कसा करावा, हे तपशिलाने सांगितले. जर्मन धर्मसुधारक ल्यूथरने १५३७ मध्ये बंधुजनांचा परस्परसंवाद व सांत्वन यांना सुवार्तेच्या साधनांत स्थान दिले. इंग्लंडमधील किडरमिन्स्टर येथे सतराव्या शतकातील प्युरिटन पाळक बॅक्स्टर आठवड्यातील दोन दिवस देऊन १५-१६ कुटुंबांना भेटे. ८०० हून अधिक कुटुंबे वर्षात पुरी होत. वेस्लीच्या मेथडिस्ट चळवळीत १७४२ पासून सुमारे १२ जणांचे वर्ग आले व ही देखभाल सामान्य सभासदांच्या हाती गेली.

व्यवहारात १ थेस्सलनी ५:१४ हा उत्तम मापदंड आहे: अव्यवस्थितांना ताकीद, अल्पधीरांना धीर, अशक्तांना आधार. यांची अदलाबदल झाली की इजा होते. शोकग्रस्ताला ताकीद मिळाली, तर तो मंडळीपासून तुटतो. नुसत्या गोड शब्दांनी हट्टी माणूस आपल्या चुकीत स्थिरावतो. म्हणून आधी ऐकावे. जुन्या करारातील दुःखग्रस्त ईयोबाचे मित्र ७ दिवस मुकाट्याने जवळ बसले, तोवर त्यांचे ठीक होते. दुःखाचे कारण सांगू लागताच ते चुकले.

रुग्णभेट १०-१५ मिनिटांची पुरे. रुग्णाच्या नजरेच्या पातळीवर बसावे, प्रार्थनेपूर्वी त्याची संमती घ्यावी, स्तोत्रातील मोजक्याच ओळी वाचाव्यात व बरे होण्याचे वचन देऊ नये. कॅथलिक पापनिवेदनाची (धर्मगुरूपुढे दिलेल्या पापांच्या कबुलीची) गुप्तता अभंग असते. इतर संभाषणात मात्र सरसकट गुप्ततेचा शब्द आधीच देऊ नये, कारण आत्महत्येचा धोका किंवा बालकाचा छळ उघड झाल्यास योग्य व्यक्तींना कळवावे लागते. मृत्यूनंतर पहिल्या आठवड्यात घर माणसांनी भरलेले असते. भेटींची खरी गरज पुढे, विशेषतः पहिल्या वर्षदिनी भासते. त्यासाठी पाळक व मंडळीचे वडील (ज्येष्ठ पदाधिकारी) यांनी तारखांची नोंदवही ठेवावी.