खोटा अंमलदार शाळेच्या रंगमंचावर: पार्श्वभूमी

राजकीय ढोंगावरचे नाटक शाळेत बसवायचे तर रशियन लेखक गोगोलच्या 'रेव्हिझर' (म्हणजे तपासनीस) इतके सोयीचे दुसरे क्वचितच सापडेल. पु. ल. देशपांडे यांनी ते 'अंमलदार' या नावाने मराठीत आणले. तपासनीस येणार अशी कुणकुण आडगावाला लागते आणि खानावळीचे बिल थकवून बसलेल्या एका फुकट्या कारकुनालाच सगळे तपासनीस समजतात.

1835 च्या ऑक्टोबरात गोगोलने कवी पुश्किनला पत्र लिहून एखादा अस्सल रशियन किस्सा मागितला होता. 1836 मध्ये पीटर्सबर्गच्या आलेक्सांद्रिन्स्की रंगमंदिरात पहिला प्रयोग झाला. झार निकोलाय पहिला स्वतः हजर होता. गोगोल मात्र नाराज झाला. ड्यूर या नटाने ख्लेस्ताकोव्ह, म्हणजे तो फुकट्या कारकून, सराईत थापाड्या केला होता. वास्तविक तो ठरवून फसवत नाही. समोरचे घाबरलेत हे पाहून त्याची जीभ सुटते. शाळेतही नेमके इथेच बिघडते. वर्गातल्या बोलघेवड्या मुलाला ती भूमिका मिळते, तो पहिल्याच प्रवेशात प्रेक्षकांना डोळे मिचकावतो आणि नाटकातली भीती संपते.

पाच अंक तासाभरात बसवताना चौथ्यातला लाचेचा प्रवेश हमखास कापला जातो. न्यायाधीश 300 रुबल देतो, पोस्टमास्तर 300, शाळा तपासनीस 300, धर्मादाय खात्याचा अधिकारी 400. शेवटी दोन जमीनदारांकडे 1000 मागितल्यावर दोघांच्या खिशातून मिळून 65 निघतात. लाच देणारे तिघे तरी ठेवावेत. दोघांत लय बसत नाही आणि 65 चा विनोद वाया जातो. एखादे सज्जन पात्र घुसडण्याचा मोह तर टाळाच. मूळ नाटकात प्रामाणिक कोणीच नाही, म्हणूनच ते चावते.

गोव्यात कथा पोर्तुगीज अमदानीत नेली तर आद्मिनिश्त्रादोर आणि रेजेदोर हे तेव्हाचे सरकारी अधिकारी आयते मिळतात, शिवाय आजच्या सरपंचावर बोट रोखल्याचा वादही टळतो. तेव्हा लिखाणावर सेन्सॉरची नजर असेच. पत्रे फोडणारा पोस्टमास्तर तिथे उपरा वाटत नाही. ख्लेस्ताकोव्हचा नोकर ओसिप कोकणीत बोलला तर आणखी बरे.

परवानगीचे आधी पाहावे. मूळ रशियन नाटक सर्वांना खुले आहे, पण 'अंमलदार'ची संहिता नाही. प्रेक्षकांत विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि शाळेशी संबंधित मंडळीच असतील तर कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये शाळेच्या प्रयोगाला सूट आहे. स्पर्धेत किंवा तिकीट लावून केलेल्या प्रयोगाला ती धरून चालू नये.

शेवटी खरा तपासनीस आल्याची वर्दी येते आणि सगळे थिजतात. गोगोलने इथे जवळजवळ दीड मिनिट मागितले आहे; मुलांकडून तीस सेकंद मिळाले तरी पुष्कळ. वर उचललेला हात आधी थरथरतो, म्हणून कोपरे अंगाजवळ, भार दोन्ही पायांवर. नजर प्रेक्षकांच्या डोक्यावरून एका खुणेवर. एकमेकांकडे पाहिले की हसू फुटतेच. पडदा दोरीने ओढायचा असेल तर ओढणाऱ्याने आकडे मोजावेत, टाळ्यांची वाट पाहू नये.