मोठी क्रूझर की टूरर? चपळ बाइक सोडताना कळायला हवा असा फरक

बरीच वर्षं हलकी, चटकन वळणारी बाइक चालवली की एका टप्प्यावर मोठं आणि आरामशीर काहीतरी हवंसं वाटतं. मग समोर दोन प्रकार येतात: क्रूझर आणि टूरर. दोन्हींचं इंजिन मोठं, सीट रुंद, वजन डोळ्यांत भरणारं. दोन्हींच्या जाहिरातीत लांबचा रिकामा रस्ता. त्यामुळे टूरर म्हणजे फेअरिंग (वारा अडवणारं पुढचं आवरण) आणि पेट्या लावलेली क्रूझर, असा समज सहज होतो. तो खरा नाही. टूररची चौकट चपळ बाइकच्या जवळची असते, तिला वाऱ्यापासून आडोसा आणि लांब सस्पेन्शन दिलेलं असतं. क्रूझरमध्ये चौकटच बदललेली असते: बाइक खाली आणलेली, लांब केलेली, पुढचा फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारे दोन दांडे, पसरट कोनात लावलेला. तुमचे हात ज्या बाइकवर तयार झाले आहेत, तिच्या सवयी टूररवर बऱ्याच टिकतात. क्रूझरवर त्यांतल्या काही मोडाव्या लागतात.

फरक नीट दिसावा म्हणून एकाच कंपनीच्या, एकाच धाटणीच्या बॉक्सर इंजिनाच्या (दोन सिलिंडर दोन बाजूंना आडवे) दोन बाइक घेऊ: बीएमडब्ल्यूची आर 18 ही क्रूझर आणि आर 1250 आरटी ही टूरर. (2025 मध्ये आरटीची पुढची पिढी आर 1300 आरटी आली, इथले आकडे त्याआधीच्या मॉडेलांचे आहेत, पण मुद्दा तोच राहतो.) चपळ बाइकचा नमुना म्हणून यामाहा एमटी-07 धरू: 184 किलो, व्हीलबेस (दोन चाकांच्या मध्यांतलं अंतर) 1400 मिमी, सीटची उंची 805 मिमी.

आरटीचं वजन 279 किलो, व्हीलबेस 1485 मिमी आणि सीट खालच्या सेटिंगला 805 मिमी. म्हणजे एमटीपेक्षा जवळपास शंभर किलो जास्त, पण लांबी जेमतेम 85 मिमी वाढलेली आणि बसण्याची उंची तीच. आर 18 चं वजन 345 किलो, व्हीलबेस 1731 मिमी, सीट फक्त 690 मिमी. आरटीचा रेक, म्हणजे फोर्कचा उभ्या रेषेशी होणारा कोन, 26 अंशांच्या आसपास आहे. आर 18 चा 32.7 अंश.

शोरूममध्ये हे आकडे नेमके उलटी छाप पाडतात. आर 18 वर बसलं की दोन्ही पाय सपाट टेकतात, वजन खाली असल्यामुळे बाइक साइड स्टँडवरून सरळ करणं वाटतं त्याहून सोपं जातं. आरटीवर मध्यम उंचीच्या माणसाचे चवडेच टेकतात, आणि टाकीत 25 लिटर पेट्रोल उंचावर असल्यामुळे थोडी कलली तरी ती अंगावर येते. म्हणून उभ्या बाइकवर बसून निर्णय घेतला की बहुतेक जण क्रूझर सोपी ठरवतात. ताशी 15 किमीच्या पुढे हा हिशेब फिरतो. ट्रायल मागा ती दुकानाभोवतीची फेरी नको. एक अरुंद यू-टर्न, एक खराब पट्टा आणि निदान अर्धा तास सलग चालवणं, एवढं तरी त्यात हवंच.

वळणाचा मुद्दा सगळ्यांत महत्त्वाचा आहे, त्यावर थोडं थांबू.

बाइक वळणात किती झुकेल हे वेग आणि वळणाची त्रिज्या ठरवतात. त्यात वजनाचा संबंध नाही. 30 मीटर त्रिज्येच्या वळणात ताशी 40 किमीला साधारण 23 अंश झुकाव लागतो आणि ताशी 50 किमीला 33 अंश. वेग फक्त दहाने वाढला, झुकाव दहा अंशांनी. चपळ बाइकला 33 अंश म्हणजे काहीच नाही, तिच्याकडे 45 अंशांपर्यंत जागा असते. मोठ्या क्रूझर मात्र साधारण 26 ते 35 अंशांत जमिनीला टेकतात. हार्ले-डेव्हिडसन फॅट बॉय 114 ची मर्यादा 26 अंशांच्याही किंचित खाली आहे. होंडा रेबेल 1100 सारखी 223 किलोची क्रूझर 35 पर्यंत जाते. त्यात रुंद मागचा टायर असेल तर तोच वेग राखायला आणखी थोडं जास्त झुकावं लागतं, कारण टायरचा रस्त्याला टेकणारा भाग आतल्या बाजूला सरकतो.

आधी फूटपेग किंवा फूटबोर्ड घासतो. तो दुमडणारा असतो, म्हणून नुसता घासण्याचा आवाज हा इशारा आहे, अपघात नव्हे. धोका त्यानंतरचा. तरीही झुकवत राहिलं तर सायलेन्सर किंवा चौकटीचा न दुमडणारा भाग टेकतो, मागचं चाक उचललं जातं आणि पकड सुटते. घासल्याचा आवाज ऐकून दचकून थ्रॉटल एकदम बंद करणं ही चपळ बाइकवाल्यांची नेहमीची चूक आहे. त्याने पुढचा फोर्क दबतो आणि उरलेली जागाही कमी होते. थ्रॉटल हलका चालू ठेवून खांदा आणि डोकं वळणाच्या आत न्यायचं: अंग आत गेलं की तेवढ्याच वेगाला बाइक कमी झुकते. आणि मुळात वेग वळणाआधी, बाइक सरळ असतानाच उतरवायचा. चपळ बाइकवर आत शिरल्यावर रेषा बदलणं चालून जातं, क्रूझरवर रेषा आधी ठरवावी लागते.

टूररवर हा प्रश्न जवळजवळ येत नाही. तिचं वजन वळणात शिरताना आणि दिशा बदलताना जाणवतं, म्हणजे हँडल थोडं जास्त दाबावं लागतं, पण झुकायला जागा भरपूर असते.

ब्रेकिंगमध्येही सवय बदलते. आखूड आणि उंच बाइकवर जोरात ब्रेक लावला की भार पुढे सरकतो आणि मागचा ब्रेक जवळपास निरुपयोगी होतो. म्हणून पुष्कळ जण तो पाय विसरूनच जातात. क्रूझर लांब आणि खालावलेली असल्यामुळे भार तेवढा पुढे सरकत नाही. मागचं चाक जमिनीवर घट्ट राहतं आणि मागचा ब्रेक खरं काम करतो. फक्त पुढच्या ब्रेकवर एवढी जड बाइक थांबवायला गेलात तर अंतर वाढतं. रिकाम्या जागेत ताशी 40 वरून दोन्ही ब्रेक एकत्र, वाढत्या दाबाने लावून थांबण्याचा सराव पहिल्याच दिवशी करावा. मोठ्या इंजिनाचा गिअर उतरवतानाचा ओढाही लक्षात घ्या. ओल्या रस्त्यावर क्लच एकदम सोडला तर मागचं चाक घसरू शकतं. आर 18 मध्ये हे आवरणारी यंत्रणा आहे, प्रत्येक क्रूझरमध्ये ती असेलच असं नाही.

इंजिनाचा स्वभावही वेगळा. आर 18 चा 1802 सीसीचा बॉक्सर 3000 आरपीएमला 158 न्यूटन-मीटर टॉर्क देतो, आणि 2000 ते 4000 च्या दरम्यान तो 150 च्या वरच असतो. आरटीचे 143 न्यूटन-मीटर 6250 ला येतात. एमटी-07 चालवणाऱ्याला ओव्हरटेकसाठी दोन गिअर खाली उतरायची सवय असते. आरटीवर ती चालते. आर 18 वर त्याने नुसता आवाज आणि कंप वाढतो. वरच्या गिअरमध्येच थ्रॉटल उघडायचा.

आता आराम, ज्यासाठी हा सगळा खटाटोप. पाय पुढे ताणून बसायच्या क्रूझरवर पाय शरीराचा भार पेलत नाहीत. खड्डा आला तर फूटपेगवर किंचित उठता येत नाही, सगळा हादरा माकडहाडातून मणक्यात जातो. त्यात मागच्या सस्पेन्शनला वर-खाली हलायला जागा कमी: आर 18 ला 90 मिमी, आरटीला 136 मिमी. (आर 18 चे सिलिंडर बाजूला आल्यामुळे तिचे फूटपेग पुढे नेताच येत नाहीत, ते मध्ये आहेत. या बाबतीत ती इतर मोठ्या क्रूझरपेक्षा बरी.) विंडस्क्रीन नसेल तर ताशी 100 च्या पुढे छातीवर वारा बसतो आणि हात हँडल धरून शरीर ओढत राहतात. तासाभरात खांदे भरून येतात. गुळगुळीत रस्ता आणि ताशी 80–90 चा वेग असेल तर मात्र क्रूझरसारखं सुख टूरर देत नाही, हे तितकंच खरं.

टाकीचंही बघा. 16 लिटरच्या आर 18 ला लिटरमागे 18 किमी धरले तर 288 किमी होतात, म्हणजे दोनशे उलटले की पंप शोधायला लागायचं. आरटी 25 लिटरमध्ये निवांत चारशेच्या पुढे जाते.

पेट्या आणि फेअरिंग लावलेली क्रूझर हा मधला प्रकार गोंधळ आणखी वाढवतो. आर 18 ट्रान्सकॉन्टिनेंटलला 24 लिटरची टाकी, वारा अडवणारं फेअरिंग आणि पेट्या आहेत, पण वजन 427 किलो. हात-खांद्यांचा प्रश्न ती सोडवते, अरुंद यू-टर्नचा आणि उताराच्या पार्किंगचा वाढवते. अशी बाइक उताराकडे तोंड करून कधीच लावू नये, मागे ओढून काढता येत नाही. मागचं चाक उताराच्या खालच्या बाजूला ठेवायचं आणि पहिला गिअर टाकून उतरायचं. रिव्हर्सची सोय घेता येत असेल तर या वजनाला ती चैन समजू नका.

कमी वेगात जड बाइक सांभाळायचं तंत्र दोन्हींना सारखंच लागतं: हाफ क्लच, थ्रॉटल स्थिर, मागचा ब्रेक हलका दाबलेला, पुढच्या ब्रेकपासून बोटं दूर. नजर जिथे जायचं तिथे, चाकासमोर नको. हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक लागला की बाइक आतल्या बाजूला पडते. मोठ्या बाइक पडतात त्या बहुतेक अशाच, ताशी पाच किमीला. पडायला लागलीच तर पाय खाली घालून अडवू नका, बाजूला व्हा. उचलण्याआधी इंजिन बंद करून गिअर टाका, उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आधीच उघडा. मग सीटला पाठ लावून, कंबर न वाकवता, पायांच्या जोरावर मागे छोटी पावलं टाकत उभी करा.

वळणं हा तुमच्या चालवण्याचा आनंद असेल तर टूरर घ्या, किंवा रेबेल 1100 सारखी हलकी क्रूझर. वेगाची ओढ खरंच ओसरली असेल, रस्ते बरे असतील आणि दिवसाला दोन-अडीचशे किमी पुरत असतील, तर मोठी क्रूझर घ्यायला हरकत नाही. घेतल्यावर पहिलं काम मागचा प्रीलोड, म्हणजे सस्पेन्शनच्या स्प्रिंगचा आधीचा ताण, आपल्या वजनाप्रमाणे घट्ट करून घेण्याचं. मागे माणूस बसणार असेल तर आणखी दोन टप्पे. ढिल्या प्रीलोडवर बाइक मागून बसते आणि वळणात आधीच कमी असलेली जागा आणखी घटते.