ओपॅसिटी आणि फ्लो : दोन स्लायडर, दोन वेगळी कामे

डिजिटल चित्रकला शिकणाऱ्यांचा हमखास गोंधळ होतो तो फोटोशॉपमध्ये ब्रशच्या पट्टीवर जवळजवळ असलेल्या ओपॅसिटी आणि फ्लो या दोन स्लायडरपाशी. तो होणे साहजिकही आहे, कारण यांपैकी कोणताही एक कमी केला तरी रंग फिकटच उमटतो. फरक कळतो तो पेन न उचलता त्याच जागेवरून पुन्हा ब्रश फिरवल्यावर.

ब्रशचा फटकारा डोळ्यांना सलग दिसत असला, तरी प्रत्यक्षात ती एकापुढे एक पडणाऱ्या ठशांची रांग असते. स्पेसिंग २५ टक्के असेल, तर प्रत्येक नवा ठसा आधीच्या ठशापासून ब्रशच्या व्यासाच्या एक चतुर्थांश अंतरावर पडतो. या एकेका ठशाबरोबर किती रंग उतरावा, हे फ्लो ठरवतो. ओपॅसिटी मात्र संपूर्ण फटकाऱ्याला कमाल मर्यादा घालते. ओपॅसिटी ५० टक्के ठेवून पांढऱ्यावर काळा रंग लावला, तर पेन टेकलेले असेपर्यंत कितीही घासले तरी रंग ५० टक्क्यांच्या पुढे जात नाही. पेन उचलून त्यावर दुसरा फटकारा मारला की तो ७५ टक्के होतो आणि तिसऱ्याला ८७.५.

याउलट ओपॅसिटी पूर्ण ठेवून फ्लो १० टक्के केला, तर रंग एकाच फटकाऱ्यात साचत जातो. कडक कडेच्या गोल ब्रशने ओढलेल्या सरळ रेषेच्या मध्यावरील प्रत्येक बिंदूवर, २५ टक्के स्पेसिंग असताना, साधारण चार ठसे पडतात आणि रंग सुमारे ३४ टक्क्यांपर्यंत पोहोचतो. स्पेसिंग १० टक्क्यांवर आणले, की त्याच बिंदूवर दहा ठसे पडून तोच आकडा सुमारे ६५ होतो. म्हणजे फ्लोचा आकडा एकटा फारसे काही सांगत नाही, आणि दुसऱ्याच्या ब्रशचे आकडे आपल्या ब्रशला लावून तसाच परिणाम मिळत नाही, याचे एक कारण हेच आहे.

चित्र रंगवताना हा फरक टप्प्याटप्प्याने उपयोगी पडतो. रेखाटनानंतर सपाट रंग भरताना दोन्ही स्लायडर शंभरावर असावेत. तिथे विचार करण्यासारखे काही नाही. खरा प्रश्न छायेपासून सुरू होतो. मी सुरुवातीला चेहऱ्यावरची छाया ४० टक्के ओपॅसिटीच्या छोट्या छोट्या फटकाऱ्यांनी रंगवत असे आणि जिथे दोन फटकारे एकमेकांवर चढत, तिथे गालावर गडद पट्टे उमटत. ते पट्टे पुसण्यात माझा निम्मा वेळ जाई. गालाच्या गोलाईसारखा हळूहळू गडद होणारा उतार हवा असेल, तर मऊ ब्रश, कमी फ्लो आणि पूर्ण ओपॅसिटी घेऊन पेन न उचलता रंग साचवत नेणे सोयीचे ठरते. मात्र काचेवरची झाक किंवा पातळ कापडाची सावली यांसारखा सगळीकडे सारखाच पातळ थर हवा असेल, तर ओपॅसिटी कमी आणि फ्लो पूर्ण ठेवावा आणि तो भाग एकाच फटकाऱ्यात भरावा.

कळफलकावरील आकडे दाबल्यास ओपॅसिटी बदलते आणि शिफ्टबरोबर दाबल्यास फ्लो. एअरब्रश (पेन एका जागी धरले तरी रंग सुटत राहण्याची सोय) चालू असेल, तर हे उलटे होते, त्यामुळे घाईत भलताच स्लायडर हलतो. क्रिता या चित्रकलेच्या दुसऱ्या प्रोग्राममध्ये आणखी एक मेख आहे : तिथे ब्रश ‘बिल्ड-अप’ पद्धतीवर असेल, तर ओपॅसिटीही एकाच फटकाऱ्यात साचत जाते, आणि वर सांगितलेली मर्यादा फक्त ‘वॉश’ पद्धतीत पाळली जाते.

खोडरबरालाही हे दोन्ही स्लायडर असतात आणि ते ब्रशच्या स्लायडरांपासून स्वतंत्र असतात. तिथे कधीतरी ओपॅसिटी ९० वर राहून गेली, तर पांढऱ्या पार्श्वभूमीवर खोडलेली फिकट रंगाची रेष पुसल्यासारखीच दिसते. त्या लेअरखाली, म्हणजे चित्राच्या त्या पारदर्शक थराखाली, गडद रंग भरल्यावर मात्र तिचा उरलेला दहा टक्के अंश दिसू लागतो.