खमंग दाण्याचं रसायन

सोलापुरी शेंगाचटणीची निम्मी चव कढईतच ठरते. तिखट, लसूण, जिरं, मीठ नंतर येतं. दाणा कच्चा राहिला किंवा करपला, तर पुढे कितीही कुटा, चटणी जमत नाही.

शेंगदाणा हरभरा-तुरीच्या कुळातला, मूळचा दक्षिण अमेरिकेतला. झाडाला फूल जमिनीच्या वर येतं, मग फुलाच्या बुडाशी आऱ्या, म्हणजे बारीक देठ, सुटून मातीत शिरतात आणि शेंग मातीखाली भरते. दाण्यात साधारण निम्मं तेल, पाव हिस्सा प्रथिनं आणि थोडी साखर असते. ही साखर आणि प्रथिनांचे घटक असलेली अमिनो आम्लं यांच्यातूनच खमंगपणा जन्मतो. १९१२ साली फ्रेंच शास्त्रज्ञ लुई-कामीय मायार यांनी या अभिक्रियेचं वर्णन केलं. भाकरीचा पापुद्रा खरपूस होतो तोही तिच्यामुळेच. दाण्यात तिच्यातून पायराझिन नावाची संयुगं तयार होतात आणि भाजल्याचा ओळखीचा वास घरभर पसरतो.

पण दाण्यात ओल आहे तोवर बरीचशी उष्णता पाण्याची वाफ करण्यातच खर्च होते. ओल उडाली की तापमान चढतं आणि १४० अंश सेल्सिअसच्या आसपास ही अभिक्रिया जोर धरते. म्हणून आच मंदच हवी. मोठ्या आचेवर साल काळी पडते, आतला दाणा कच्चाच राहतो. फुटाणेवाले तापलेल्या वाळूत भाजतात, कारण वाळू दाण्याला चहूबाजूंनी भिडते. घरी जाड बुडाची लोखंडी कढई घ्यावी आणि हात थांबवू नये. चिमटीत साल सुटली, आतून फिकट बदामी रंग दिसला की लगेच परातीत पसरावं. गॅस बंद केला तरी गरम कढईत दाणे भाजले जातच राहतात. गरम असताना डब्यात भरले तर वाफ धरून सादळतात.

कुटण्याचंही महत्त्व तेवढंच. तेल दाण्याच्या पेशींमध्ये सूक्ष्म थेंबांच्या रूपात साठलेलं असतं. उखळात घाव बसतात तशा पेशी फुटतात, तेल सुटतं. मिरचीचा तिखटपणा देणारं कॅप्सेसिन तेलात विरघळतं, त्यामुळे तिखट सगळ्या चटणीला सारखं लागतं. मिक्सर थोडा फिरवला तर कोरडं कूट होतं, जास्त फिरवला तर लगदा. दाणेदार तरीही तेल सुटलेली चटणी हवी असेल तर माझं मत उखळालाच.

भाजण्याआधी दाणे निवडण्याचा मात्र कंटाळा करू नका. ओल लागलेल्या दाण्यांवर ॲस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी वाढते आणि यकृताला घातक असं अफ्लाटॉक्सिन तयार करू शकते. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये बुरशी लागलेली शेंगदाण्याची पेंड खाऊन सुमारे एक लाख टर्की पक्षी मेले, तेव्हा या विषाचा छडा लागला. घरच्या भाजण्याने ते पूर्ण नष्ट होत नाही, आणि खमंग वासात खराब दाणा लपून जातो. सुरकुतलेले, काळपट, बुरशी दिसणारे दाणे भाजण्यापूर्वीच फेकून द्यावेत.